कमरेच्या उंचीवरचं बटण

१७ जानेवारी, शनिवार

ती. दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. पण माझी डावीकडची बरगडी पिचली आहे, साष्टांग काय, वाकून चप्पल घालणंही जमत नाही. उभ्यानेच केलेला घे.

तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहिणार होते, पण वहिनीचा फोन येऊन गेला, तेव्हा तेवढं खोटं नको. ती म्हणाली, तू पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडलास. उजवं मनगट मोडलं आणि त्याच हाताची बोटं चेचली. डॉक्टरांनी आत सळ्या घातल्यात. डाव्या हातानं जेवतोस, निम्मं अंगावर सांडतोस, आणि कुणी भरवायला आलं की ताट भिरकावतोस. ताटाचं ऐकून बरं वाटलं. म्हणजे डावा हात शाबूत आहे आणि स्वभावही.

त्या शिडीला चारच पायऱ्या आहेत, दादा. माझे लहानपणीचे दोन्ही गुडघे तिच्यावरच फुटलेत, मला ती पाठ आहे. वहिनीलाही आहे. पण ती शिडी म्हणाली, मीही बरं म्हटलं. तूर्तास शिडी.

रस्त्याच्या अलीकडून पलीकडे पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. फोन केला, तू उचलत नाहीस. उचललास तरी तू ओरडशील, मग मी तुझ्याहून वरच्या पट्टीत ओरडेन, आणि खरं बोलायचं ते राहून जाईल. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागद. टायरवाले काका उद्या रस्ता ओलांडून हे वहिनीच्या हातात देतील. तू ते फाडशील हे धरून मी वहिनीला सांगितलंय की आधी तिनं तुला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मगच फाडायला द्यावं.

घाई एवढ्यासाठी की सोमवारी सकाळी मला पोलिसांकडे जायचंय. चार्जिंग स्टेशनवर हल्ला करणाऱ्यांपैकी मी कुणाला ओळखलं का, एवढाच प्रश्न आहे. त्याखाली माझी सही व्हायची आहे. पहिल्या दिवशी मी तोंडी सांगितलं होतं की सगळ्यांनी फडकी बांधली होती, कुणालाच ओळखलं नाही. आता ते लिहून द्यायचं.

आधी मास्तरांची खबर सांगते, कारण ती तुला कुणी सांगितली नसणार. मास्तर म्हणजे माझ्या टोळीतले केबल जोडणारे. बुटके, टक्कल पडलेले, सतत कुणाला ना कुणाला काहीतरी समजावून सांगणारे, म्हणून मास्तर. तुझ्या पंपावर चहा प्यायला आले होते तेव्हा त्यांनी तुलाही चहा कसा उकळावा ते समजावलं होतं आणि तू त्यांना हाकललं होतंस. त्यांचा डावा डोळा काढावा लागला. जबडा तारेनं बांधलाय. कवटीला चीर आहे, ती भरेल म्हणतात. शुद्ध आहे, पण बोलता येत नाही, त्यामुळे बोटानं चादरीवर अक्षरं काढून नर्सला सलाईन कसं लावायचं ते समजावतात. ती वैतागली आहे. मी तिथे गेले की बाहेरच्या बाकड्यावर त्यांची बायको बसलेली असते. मला तिच्या शेजारी बसवत नाही. मी उभीच राहते आणि बरगडीचं कारण सांगते.

हे सगळं कुठून सुरू झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे, तरी लिहिते. भांडण एकदा नीट लिहून काढलं की निम्मं फुसकं निघतं, असं बाबा म्हणायचे.

मी कंपनीतर्फे पहिल्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा नकाशा घेऊन आले होते. देशभरचे मोठे रस्ते, त्यावर हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक चार्जिंग स्टेशन, आणि दोन ठिपक्यांत एवढंच अंतर की कुठल्याही गाडीच्या बॅटरीनं मध्येच राम म्हणू नये. आपल्या पट्ट्यात मात्र टक्कल पडल्यासारखी पांढरी जागा होती. ती भरली की देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळी पुरी होत होती. मी म्हटलं, दादा, यंत्रं तुझ्याच आवारात बसवू, एका हाताला पेट्रोल, दुसऱ्या हाताला वीज, पंप बाबांच्याच नावाचा राहील. तू सगळं ऐकून घेतलंस, नकाशा उभा फाडलास आणि मोजमापाला आलेल्या माणसाच्या मागे जॅकचा दांडा घेऊन धावलास. तो बिचारा एक चप्पल टाकून पळाला. ती चप्पल अजून तुझ्याकडेच असेल.

बापाच्या जागेत वायर येऊ देणार नाही, म्हणालास. मी म्हणाले, मग समोर बसून बघ.

आणि बसवलंच समोर. खरं सांगायचं तर पुढच्या चौकातही जागा मिळत होती, अंतरातही बसत होती. मी टायरवाल्या काकांचं रिकामं आवार घेतलं, थेट तुझ्या दारासमोर. कंपनीला सांगितलं, तिथे रस्ता रुंद आहे. रस्ता रुंद आहेच. पण तू रोज सकाळी शटर वर केलंस की तुला ते दिसलं पाहिजे, हेही होतं. मला तुझं नाक खाली करायचं होतं आणि ती संधी मला कंपनीच्या खर्चानं मिळत होती.

मग काय, युद्धच. आम्ही केबलसाठी चर खणला की दुसऱ्या सकाळी त्यात तुझं जुनं ऑईल. मी तुझ्या फाटकासमोर खडीचा ढीग ओतला. तू टँकर आडवा लावलास, मी त्याच्या चाकांतली हवा काढली. तू माझ्या माणसाची कॉलर धरलीस, मी तुझ्या माणसाच्या कानाखाली जाळ काढला. टायरवाल्या काकांचा धंदा दुप्पट झाला, कारण लोक पंक्चर नसतानाही थांबून बघायचे. वहिनी मध्ये पडली तर तू तिला आत ढकललंस, ती उंबऱ्यावर पडली, हे मी इकडून पाहिलं. त्या दिवशी मी खडीतला एक दगड उचलून हातात धरून बराच वेळ उभी होते. टाकला नाही, एवढंच.

आता त्या दुपारचं. तू शिडीवर होतास, तेव्हा तुला कुणीतरी सांगायला हवं.

यंत्रं उभी राहिली होती, वीज आली होती आणि पहिली गाडी लावून चाचणी चालू होती. चालू विजेवर यंत्राचं कपाट उघडायचं नसतं, पण पहिल्या दिवशी केबलचे सांधे तापतात का ते बघावंच लागतं. मास्तर दार उघडून आत वाकले होते. हातमोजा होता, पण हात तांब्याच्या पट्ट्यांपासून वीतभरच लांब. मी गाडीपाशी आकडे वाचत होते. बाकीची टोळी टायरच्या दुकानामागे चहाला गेलेली.

टेम्पो भरधाव आत शिरला. तो थांबायच्या आधीच माणसं उड्या टाकत होती. तोंडाला फडकी, हातात घण आणि पहारी. आणि एकदम यंत्राच्या पंख्याची घरघर थांबली, गाडीवरचा हिरवा दिवा विझला. म्हणजे फाटकाजवळचं लाल बटण दाबलं गेलं होतं. ते दाबलं की सगळ्या आवाराची वीज एका फटक्यात तुटते. त्यानंतर पहिला घण पडला. हा क्रम लक्षात ठेव, पुढे लागेल.

पहिला घण मास्तरांच्याच कपाटावर पडला. पत्रा आत चेपला, काच त्यांच्या डोक्यावरून उडाली. वीज चालू असती तर मास्तरांचा तिथेच कोळसा झाला असता, घणवाल्याचाही झाला असता. ते बाहेर आले, कपाळातून रक्त, आणि पळायचं सोडून दोन्ही हात पसरून कपाटापुढे उभे राहिले. स्वभावाला औषध नाही, समजावून सांगायला लागले. भाऊ, हे सांधे मी हातानं केलेत, हे तुमचं काय बिघडवतात, असं काहीतरी. एकाच्या पायात लाल बूट होते. त्यानं पहार आडवी फिरवली. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. मास्तर खाली बसले. बसल्यावर दुसरी घातली. आडवे झाल्यावर तिसरी, तोंडावर.

कुणीतरी ओरडत होतं, "माणसाला हात नाही! माणसाला हात नाही लावायचा!" कुणी ऐकत नव्हतं. घण उचललेली माणसं एकदा सुटली की कुणाची ऐकतात? यंत्रांचे पडदे फुटत होते, केबलांचे तुकडे पडत होते, ट्रान्सफॉर्मरचं तेल भळाभळा वाहत होतं, आणि त्या तेलात मास्तरांचं रक्त.

मला काही दिसेनासं झालं. बोल्ट आवळायचा लांब पाना बॉनेटवर होता, माझ्या हाताएवढा, तो उचलला. समोर जो पाठमोरा होता त्याच्या उजव्या हातात पेट्रोलचा कॅन होता आणि डाव्या हातानं त्यानं लाल बूटवाल्याची मानगूट पकडली होती. तो त्याला मागे ओढत होता की पुढे ढकलत होता, मला कळलं नाही. मला कॅन दिसला आणि खाली पडलेले मास्तर दिसले. मी त्या उजव्या मनगटावर पाना हाणला. हाड मोडलेलं पान्यातून आपल्या हाताला कळतं. कॅन पडला, पेट्रोल सिमेंटवर पसरलं. मग माझ्या बरगडीत लाल बुटाची लाथ बसली, मी पडले, टेम्पो गेला.

पोलिसांना मी हे एवढंच सांगितलं, फक्त एक गोष्ट फिरवून. आता मला सगळीकडे शाबासकी मिळते, ती ऐक.

कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, तुमच्या प्रसंगावधानानं एक जीव वाचला, तुम्ही बटण दाबलं नसतं तर भयंकर झालं असतं. प्रत्येक स्टेशनवर आता बटण इथल्यासारखं फाटकाशी बसवणार आहेत, साऱ्या देशभर. टोळीतली माणसं मला बघून उठून उभी राहतात. आणि मास्तरांच्या बायकोनं, त्या बाकड्यावरून उठून, माझे दोन्ही हात धरले, स्वतःच्या डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "या हातांनी माझं माणूस परत दिलं."

दादा, त्या बाईचे डोळे ओले होते आणि माझे हात त्यांना लागले होते. मी ते हात काढून घेतले नाहीत.

मध्येच एक गंमत लिहिते, नाहीतर माझ्यानं पुढचं लिहवणार नाही. परवा तुझ्या पंपावर एक गाडी आली, विजेची. नवरा-बायको आणि तान्हं मूल. नकाशात इथे हिरवा ठिपका बघून निघाले होते, बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. समोर बघतात तर आमचा सांगाडा. रस्ता ओलांडून तुझ्याकडे आले. वहिनीनं काय करावं? ऑफिसातल्या पंख्याचं सॉकेट दिलं. रात्रभर ती गाडी बाबांच्या पंपावर, बाबांच्या पंख्याच्या सॉकेटवर, बाळासारखी पीत पडली होती. बाळ खुर्चीवर झोपलं. तू आत हात छातीवर धरून पडला होतास आणि तुला खिडकीतून वायर दिसत होती, असं वहिनी म्हणाली. ओरडला नाहीस हे ऐकून मला पहिल्यांदा तुझी भीती वाटली.

बरं. शिडी पुरे झाली आता.

बाबांची डावी भुवई कधीच उगवली नाही, आठवतं? पंपाच्या मेकॅनिकनं यंत्र चालू ठेवून झाकण उघडलं होतं आणि तो माणूस आपल्या दोघांच्या डोळ्यांदेखत पेटता रस्त्यावर धावला होता. बाबांनी त्याला धरून मातीत लोळवलं, भुवई त्यात गेली. माणूसही गेला. त्यानंतर बाबांनी पंपाची वीज तोडणारं लाल बटण फाटकापाशी आणलं, आत शिरताना डाव्या हाताला, आणि मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर बसवलं. मोठा माणूस वाकेल, पोर उंच कुठून होणार, म्हणायचे. आणि मग तो खेळ. तेलकट फडकं डोळ्यांवर बांधायचे, गरागरा फिरवायचे, पाठीत थाप मारायचे आणि म्हणायचे, "आधी बंद, मग हात. जा." आपण आंधळे धावायचो. जो मागे राहील त्याच्या पाठीत धपाटा. जो पुढे पोचेल त्याच्याही पाठीत, माज येऊ नये म्हणून. तू नेहमी पुढे असायचास. तुझा हात न चाचपडता थेट बटणावर पडायचा.

कंपनीच्या नकाशात आमचं बटण यंत्राच्या मागच्या अंगाला होतं. मी भांडून ते फाटकाशी आणलं. आत शिरताना डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. टोळी हसली होती, बाई हे बटण बुटक्यांसाठी का, म्हणाली. मास्तर म्हणाले, माझ्यासाठी.

त्या दुपारी टेम्पोतून सगळ्यांत आधी जो उतरला त्यानं बटण शोधलं नाही. खाली बघितलं नाही. त्याची नजर यंत्रांवर होती, पाय पळत होते, उजव्या हातात कॅन होता, आणि डावा हात आपला आपण कमरेपाशी गेला, तळवा बटणावर आपटला. अनोळखी माणसानं दाबलंच नसतं. वीज तोडून मग घण घालावा असं गुंडांना कोण शिकवतं? आणि सुचलंच असतं तरी चाचपडला असता, छातीच्या उंचीवर शोधलं असतं. तोंडाला फडकं बांधून, न बघता, पळता पळता कमरेच्या उंचीवरचं बटण दाबणारी या जगात दोनच माणसं आहेत. त्यातली एक गाडीपाशी आकडे वाचत उभी होती. हे मला दिसलं तेव्हाच, कळलं मागाहून.

अधिकाऱ्यानं विचारलं, बटण कुणी दाबलं. मी म्हटलं, मी. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कुणी? आणि त्याचं उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. तुला वाचवायला मी खोटं बोलले, आणि तू त्या दुपारी जे एकच चांगलं केलंस ते चोरून माझ्या नावावर लावलं. मोठे साहेब मला शाबासकी देतात ती तुझी आहे. मास्तरांची बायको डोळ्यांना लावते तो हात तुझा आहे, तोच डावा, ज्यानं तू आता ताटं भिरकावतोस.

पण तेवढ्यानं तू सुटत नाहीस. तू त्यांना आणलंस. तो लाल बूटवाला तुझ्या टेम्पोतून उतरला. तू ओरडलास, माणसाला हात नाही, हे मी ऐकलं आणि तेही मी सांगणार आहे. पण घण वाटून झाल्यावर असं ओरडून काय उपयोग? आणि तो कॅन? तो कॅन घेऊन तू काय करणार होतास, दादा? मास्तर तिथे पडले होते. ओतणार होतास की त्यांना बघून थबकला होतास? हे मला माहीत नाही. रात्रंदिवस तेवढंच विचारते स्वतःला.

आता माझं. हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही, वहिनीला सांगितलेलं नाही, आणि वरही लिहिलं नाही. वर मी लिहिलं की पाना हाणला, कॅन पडला, आणि मग मला लाथ बसली. मधलं गाळलंय.

कॅन पडला आणि तू गुडघ्यांवर आलास. वळलास. फडकं नाकाखाली सरकलं होतं. मोडलेला हात तू जमिनीवर टेकला होतास, पेट्रोलमध्ये, बोटं पसरून. तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी हळू म्हणालास, "ठिणगे, बास."

बाबांनंतर मला त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस उरलाय.

मी तुला ओळखलं. पूर्ण ओळखलं, जन्मल्यापासूनचं सगळं ओळखलं. आणि ओळखल्यावर पाना डोक्यावर नेऊन त्या पसरलेल्या बोटांवर मारला. पहिला घाव कॅनवाल्या गुंडाला होता. दुसरा माझ्या दादाला होता. मनगट रागात मोडलं असेल, बोटं मी समजून-उमजून मोडली. फाडलेल्या नकाशासाठी, चरातल्या ऑईलसाठी, उंबऱ्यावर पडलेल्या वहिनीसाठी, आणि बाबांनी पंप तुला दिला त्यासाठी. मास्तर त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हते. हेच मला खातंय. माणूस शेजारी मरत होता आणि मी घरचा हिशेब चुकता करत होते. तिसराही मारला असता. लाल बुटाच्या लाथेनं तो चुकवला. त्या हलकटाचे मी तेवढ्यापुरते आभार मानते.

तू किंचाळला नाहीस. तू मोडलेला हात पोटाशी धरलास आणि माझ्या बरगडीत आणखी लाथ घालायला निघालेल्याला खांद्यानं धडक देऊन पाडलंस. हे मी आडवी पडून पाहिलं. मग ते तुला उचलून घेऊन गेले.

आता सोमवार.

उद्या रविवारी मी आधी इस्पितळात जाणार. मास्तरांच्या बायकोला सांगणार की बटण मी दाबलं नाही. ती विचारेल, मग कुणी? मी सांगणार, माझ्या भावानं. ती विचारेल, तो तिथे काय करत होता? तेही सांगणार. ती माझे हात झटकून देईल, कदाचित मारेलही. मारू दे.

सोमवारी पोलिसांना सगळं सांगणार. तू त्यांना आणलंस, तू वीज तोडलीस, तू ओरडलास, तुझ्या हातात कॅन होता. आणि तुझं मनगट मी मोडलं, आणि ओळखल्यावर तुझी बोटं मोडली. काहीही गाळणार नाही, तुझंही नाही आणि माझंही नाही. माझ्यावर काय कलम लागायचं ते लागो, कंपनी काढायचं तर काढो. देशभरची साखळी माझ्यावाचून पुरी होईल. पुढच्या टोळीनं हे बटण कमरेशी ठेवलं तरी पुष्कळ झालं.

पण लाल बूटवाल्याचं नाव मला माहीत नाही. ते फक्त तुला माहीत आहे. तू आला नाहीस तर आत जाशील तू एकटा, आणि मास्तरांचा डोळा फोडणारा उद्या दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत बसेल. तेव्हा ये. तुझ्यासाठी ये असं म्हणत नाही, तुझ्यासाठी तू कधीच काही केलं नाहीस, सगळं अकडीसाठी केलंस. त्या बुटक्या माणसासाठी ये, ज्याला तू चहावरून हाकललंस आणि ज्याचा जीव तुझ्याच तळव्यानं वाचला.

लाल बटण एकदा दाबलं की आपणहून वर येत नाही, फिरवून सोडवावं लागतं. ते अजून तसंच दाबलेलं आहे. त्यावर तुझा तळवा उमटलेला असणार, आणि पोलिसांना वाटतं की तो माझा, म्हणून कुणी पाहिलेलं नाही. टोळीतल्या कुणालाही मी त्याच्याजवळ जाऊ दिलेलं नाही. रोज मला वाटतं ओल्या फडक्यानं ते पुसून टाकावं. पुसलं तर तू सुटशील. पण मग तू ते दाबलं होतंस हेही जगातून पुसलं जाईल, आणि तू निव्वळ घण घेऊन आलेला गुंड उरशील. ते मला करवत नाही. फडकं खिशात घेऊन गेले आणि तसंच परत आणलं.

सोमवारी सकाळी मी त्या बटणाशी उभी असेन. रस्ता ओलांडायला हात लागत नाही. वहिनीला बरोबर आण, मला चप्पल घालायला कुणीतरी हवं. आलास तर दोघं जाऊ आणि वाटेत काय भांडायचं ते भांडू. नाही आलास तर मी एकटी जाईन, आणि जाताना तुझ्या बंद शटरकडे बघणार नाही.

वहिनी, हे तू मोठ्यानं वाचत असशील तर इथे थांब आणि त्याचं तोंड बघ. मग पुढचं वाच.

दादा, हात दुखत असेल. माझाही दुखतो, पाना धरलेला. रात्री मूठ वळत नाही.

तुझा हात मोडणारी आणि तरीही तुझीच धाकटी,
ठिणगी